उचललेल्या जिप्सीचे कोन

पाट्यांवरची (लीफ स्प्रिंगवरची) मारुती जिप्सी उचलली, म्हणजे तिची उंची वाढवली, आणि हायवेला साठच्या पुढे गेली की स्टिअरिंग थरथरायला लागतं, ही तक्रार घेऊन येणारा माणूस बहुतेक वेळा नवा स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे हादरे शोषणारा दांडा) हातात घेऊनच येतो. साताऱ्यात आमच्या फोर बाय फोरवाल्या मंडळींच्या शेडमध्ये आलेली ही गाडीही त्यातलीच. एमजी 413 डब्ल्यू, 1298 सीसीचं एमपीएफआय इंजिन, पुढे-मागे सरळ हाउसिंग (दोन्ही चाकांना जोडणारं अ‍ॅक्सलचं अखंड कवच) आणि पाटे. चारही कोपऱ्यांना मूळपेक्षा दोन इंच लांब शॅकल (पाट्याचं एक टोक चॅसिसला जोडणारी हलती कडी), मागे शिवाय जादा एक पाटा, मूळच्या 205/70 आर 15 च्या जागी 235/75 आर 15 टायर. अख्खा पावसाळा चाळकेवाडी, पाटणच्या बाजूच्या कच्च्या रस्त्यांवर गेलेला. तक्रारी तीन होत्या. साठला स्टिअरिंग थरथरतं, सत्तरच्या वर पायाखालची फरशी गुणगुणते आणि ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला की पुढची चाकं जाम होऊन गाडी सरळ घसरते.

तिन्ही तक्रारी वेगवेगळ्या वाटतात, पण उचललेल्या गाडीत त्यांचं मूळ बहुधा एकाच ठिकाणी असतं. उंची वाढली की हाउसिंग फिरतं, इंजिनची ताकद चाकांकडे नेणाऱ्या शाफ्टचा कल बदलतो, स्टिअरिंग चाकाशी जोडणारी ड्रॅग लिंक तिरपी होते. म्हणून पार्ट बदलायच्या आधी कोन मोजायचे. डॅम्पर खोक्यातच राहू दिला.

आधी धुलाई. तांबडी माती सुकली की शॅकलच्या बुशात, पाट्यांच्या मधे आणि मागच्या ड्रममध्ये सिमेंटसारखी बसते. ती असताना घेतलेलं कोणतंही माप खोटं येतं, कारण शॅकल मोकळं हलतच नाही. प्रेशरच्या पाण्याने धुताना नोझल क्रॉसच्या (शाफ्टच्या टोकाच्या सांध्याच्या) कपांवर आणि पुढच्या नकलच्या (पुढचं चाक वळवणाऱ्या भागाच्या) सीलवर थेट धरायचं नाही. तिथे पाणी आत शिरलं की महिन्याभरात बेअरिंग गंजतं आणि दोष मात्र नदीतल्या पाण्यावर जातो.

धुताना दोन्ही हाउसिंगचे ब्रीदर (हवा आत-बाहेर जायच्या तोट्या) बघितले. पुढचा मातीने पूर्ण बंद होता. दिसायला बोटाच्या पेराएवढी वस्तू, पण या गाडीची निम्मी कहाणी तिथूनच सुरू होत होती. हाउसिंग तापलं की आतली हवा फुगते. ब्रीदर बंद असेल तर ती ऑइल सीलमधून वाट काढते आणि सोबत ऑइल बाहेर ढकलते. तेच तापलेलं हाउसिंग ओढ्याच्या गार पाण्यात गेलं की आत ओढ निर्माण होते आणि सीलमधून पाणी आत येतं. ब्रीदर काढून तिथे नळी बसवायचं निपल लावलं, 8 मिमीची ऑइल चालणारी रबरी नळी चॅसिसला बांधत वर बॉनेटखाली नेली आणि तिच्या टोकाला पेट्रोलचा छोटा फिल्टर लावला. नळी बांधताना हाउसिंग पूर्ण लोंबकळेल एवढी ढील ठेवावी लागते, नाहीतर पहिल्याच खड्ड्यात ती उपटून येते.

ऑइल तपासताना आधी वरचं भरायचं बूच सोडायचं, मग खालचं. खालून ऑइल काढून टाकलं आणि वरचं बूच गंजून अडकलेलं निघालं, तर गाडी आहे त्या जागी अडकते. पुढच्या हाउसिंगमधलं ऑइल चहाच्या रंगाचं आलं, म्हणजे पाणी. मागचं काळं पण स्वच्छ होतं. पुढे साधारण दोन लिटर, मागे दीड लिटर, जीएल-5 दर्जाचं 80 डब्ल्यू 90 गिअर ऑइल. माप लिटरने धरण्यापेक्षा सपाट जागी भोकातून ओघळायला लागेपर्यंत भरावं, ते जास्त खरं. गिअरबॉक्समध्ये मात्र जीएल-4 च हवं. जीएल-5 मधली काही रसायनं गिअर जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगला मानवत नाहीत. दुकानदार ‘दोन्ही एकच हो’ म्हणतो, तेव्हा डब्यावरचं वाचायचं.

आता मापं. शेडचा कोबा सपाट दिसला तरी तो तसा असतोच असं नाही. गवंडी वापरतात ती पारदर्शक पाण्याची नळी चारही चाकांपाशी धरून बघितली. एका कोपऱ्यात 8 मिमीचा उतार निघाला, तिथे पत्र्याचे तुकडे घातले. चारही टायरमध्ये 28 पीएसआय, गाडी रिकामी, हँडब्रेक सोडलेला. गाडी दोनदा पुढे-मागे ढकलून पाटे मोकळे केले. मग चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर. हे माप टायरच्या आकारावर अवलंबून नसतं, म्हणून लिफ्ट खरी किती झाली ते यावरूनच कळतं.

मालकाच्या हिशोबाने पुढे दोन इंच लिफ्ट, कारण शॅकल दोन इंच लांब. प्रत्यक्षात पुढे एकच इंच वाढलं होतं. शॅकल पाट्याच्या एकाच टोकाला असतं, हाउसिंग मधोमध असतं, त्यामुळे शॅकल जेवढं वाढवाल त्याच्या निम्मीच उंची मिळते. मागे जादा पाट्यामुळे दोन इंच. म्हणजे गाडी शेपूट वर करून उभी. टायरमुळे हाउसिंग जमिनीपासून आणखी 33 मिमी वर गेलं होतं. टायरचा व्यास 668 मिमीवरून 733 च्या पुढे गेला म्हणजे जवळजवळ दहा टक्के वाढला. स्पीडोमीटर तेवढाच मागे दाखवतो. मालकाचं साठ म्हणजे खरं सहासष्ट.

इथे एक कटू गोष्ट. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल चालत नाहीत, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये तेच स्पष्ट केलं आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीला दावा नाकारायला हे आयतं कारण. लिफ्ट करणाऱ्याने हे माहीत ठेवून करावं. आम्ही मालकाला हेच सांगितलं आणि उंची कमी करता येईल तिथे कमी करायला लावली.

दोन्ही बाजूंचा व्हीलबेसही (पुढच्या आणि मागच्या चाकातलं अंतर) मोजला. जिप्सीचा 2375 मिमी. उजवीकडे बरोबर आला, डावीकडे 9 मिमी कमी. असा फरक आला की पहिला संशय पाट्याच्या मधल्या बोल्टवर. त्या बोल्टचं डोकं हाउसिंगच्या बैठकीच्या भोकात बसतं आणि हाउसिंगला जागेवर धरतं. पाटा हाउसिंगला आवळून धरणारे यू-बोल्ट सैल राहिले की सगळा भार त्या बारक्या बोल्टवर येतो आणि तो तुटतो. मागचा डावा यू-बोल्ट सोडल्यावर बोल्टचे दोन तुकडे हातात आले. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग गंजलेला होता आणि अर्धा चकचकीत, म्हणजे तडा जुना आणि शेवटचा तुकडा अलीकडे पडलेला.

पुढचा कॅस्टर, म्हणजे ज्या खिळीवर पुढचं चाक वळतं त्या किंगपिनचा मागे झुकलेला कोन. किंगपिनच्या वरच्या टोपीची सपाट बाजू घासून साफ केली आणि त्यावर मोबाइलचं कोन मोजणारं अ‍ॅप ठेवलं. चुंबकी अँगल मीटर असेल तर उत्तम, पण मोबाइलही चालतो. फक्त तो उलटसुलट फिरवून दोनदा मोजायचा आणि सरासरी घ्यायची. मूळ गाडीत हा कोन साडेतीन अंशांच्या आसपास असतो. इथे जेमतेम शून्य. हिशोब जुळत होता. जिप्सीचं पुढचं शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असतं, ते दोन इंच लांबलं की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं आणि हाउसिंग तीनेक अंश पुढे झुकतं. शिवाय मागची बाजू एक इंच जास्त उंच, त्याचा अर्धा अंश. कॅस्टर गेला की स्टिअरिंग हलकं लागतं, वळणानंतर आपोआप सरळ होत नाही आणि गाडी रस्ता शोधत फिरते. थोडा जरी सैलपणा कुठे असला तरी तो थरथरीत बदलतो. मालकाला हलकं स्टिअरिंग आवडलं होतं.

सैलपणा शोधायला पुढचा भाग जॅकवर घेऊन हाउसिंगखाली स्टँड लावले. चाक वरून आणि खालून धरून हलवलं. खडखड आली. आता ही खडखड व्हील बेअरिंगची की किंगपिनची, ते ठरवायची सोपी युक्ती आहे. एकाने ब्रेक दाबून धरायचा. ‘भावा, आता दाब... सोड... परत दाब.’ ब्रेक दाबल्यावर खडखड गेली तर व्हील बेअरिंग, कारण ब्रेकमुळे हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि नकल एक होतात. तरीही राहिली तर किंगपिन. उजवीकडे गेली, डावीकडे राहिली.

उजवीकडे काम कमी होतं. बेअरिंगचा नट आधी चांगला घट्ट करायचा, चाक फिरवत राहायचं म्हणजे रोलर जागेवर बसतात, मग नट पूर्ण सैल करायचा आणि पुन्हा टॉर्क पान्याने 10 ते 15 न्यूटन मीटर. लॉक वॉशर बसवून स्क्रू लावायचे. छिन्नीने नट फिरवायची रीत गॅरेजात सर्रास दिसते. त्यात नटाचे कान तुटतात आणि माप कुणालाच कळत नाही.

डावीकडे नकल उघडावा लागला. आधी चाक काढलं, हब फ्री केला, पुढची दोन्ही चाकं एकमेकांना जोडणारा टाय रॉड आणि ड्रॅग लिंक सोडली, हाउसिंगच्या टोकाच्या गोळ्यावरचं फेल्ट आणि रबरी सील मागे सारलं. मग नकलच्या आर्ममध्ये टाय रॉडचं जे भोक असतं त्यात स्प्रिंग काटा अडकवून आर्मला काटकोनात ओढलं. नकल हलायला साधारण एक ते पावणेदोन किलो ओढ लागायला हवी. काट्यावर पाऊण किलोही येईना. अशा वेळी किंगपिनखालचे शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) कमी करून घट्टपणा आणता येतो, पण आधी बेअरिंग बघावं. वरची टोपी सोडताच शिमवर मार्करने खूण केली, म्हणजे वरचे-खालचे मिसळत नाहीत. खालच्या बेअरिंगच्या कपात रोलरच्या उभ्या रेघा स्पष्ट उमटलेल्या. नखाला लागत होत्या. असं बेअरिंग शिम काढून आवळलं तर स्टिअरिंग मधोमध खाचेत अडकल्यासारखं होतं आणि बाजूला मात्र सैल राहतं.

रेघा पडायचं कारण नकलच्या पोटात होतं. तिथे घट्ट ग्रीस असायला हवं, तिथून काळा पातळ काला ओघळला. हाउसिंगमधलं ऑइल आतल्या अ‍ॅक्सल सीलमधून इकडे आलेलं, त्यात पाणी, त्यात धुपलेलं ग्रीस. म्हणजे ब्रीदर बंद, म्हणून दाब, म्हणून सील गेलं, म्हणून ग्रीस पातळ, म्हणून किंगपिन कोरडी. नुसतं बेअरिंग बदलून भागलं नसतं. आतलं सील, किंगपिनची दोन्ही बेअरिंगं कपांसह, फेल्ट आणि बाहेरची रबरी पट्टी असा पूर्ण संच बदलला. सीव्ही जॉइंट (वळलेल्या चाकालाही फिरवणारा सांधा) रॉकेलने धुऊन आतल्या गोळ्या बघितल्या, खड्डे नव्हते. मग मॉलिब्डेनम असलेलं लिथियम ग्रीस हाताने आत दाबून भरलं. हाउसिंगच्या गोळ्याची बाहेरची बाजू गंजून खडबडीत असेल तर नवं सील पहिल्याच महिन्यात कापलं जातं, म्हणून ती बारीक पॉलिश पेपरने साफ केली. नवीन बेअरिंगवर शिम बसवत काट्यावर दीड किलो आल्यावर थांबलो.

टाय रॉडच्या टोकांमध्ये एक सैल होतं. ते तपासायला गाडी जमिनीवरच हवी. एकाने बसून स्टिअरिंग थोडं थोडं इकडे-तिकडे करायचं आणि दुसऱ्याने खाली प्रत्येक जोडावर हात ठेवायचा. ‘जरा डावीकडं घे, आता उजवीकडं, थांब.’ डोळ्यांना दिसत नाही ते बोटांना कळतं. स्टिअरिंग बॉक्सचे चॅसिसवरचे बोल्टही याच वेळी बघावेत. मोठ्या टायरांनी ते सैल होतात आणि कधी कधी त्या जागी चॅसिसलाच तडा जातो.

आता पाटे. मागचा जादा पाटा काढून टाकला. गाडीत कायम सामान किंवा छतावर कॅरिअर असेल तर तो हवा, रिकाम्या गाडीत तो फक्त कंबर मोडतो. मागची उंची एक इंचाने उतरली आणि गाडी सपाट झाली. उरलेले पाटे कऱ्हाडच्या पाटेवाल्याकडून थंड ठोकून कमानीत आणून घेतले. तिथे एक गोष्ट ठामपणे सांगावी लागते, गॅसने तापवायचं नाही. तापवलेला पाटा लगेच छान वाकतो, पण त्याचं पाणी उतरतं आणि थोड्याच दिवसांत तो पुन्हा बसतो. पाट्यांच्या मधे ग्रीस भरावं की नाही यावर आमच्यात कायम वाद असतो. माझं मत, आपल्या मातीत भरू नये. ग्रीस वाळू धरून ठेवतं आणि पाटे एकमेकांना घासतात. टोकांना नायलॉनच्या पट्ट्या पुरतात.

कॅस्टर परत आणायला पाटा आणि हाउसिंगच्या मधे पोलादी पाचर घातली, तीन अंशांची, एमआयडीसीतल्या मिलिंगवाल्याकडून करून घेतलेली. अ‍ॅल्युमिनियमच्या पाचरा बाजारात स्वस्त मिळतात, पण खडकाळ रस्त्यावर त्या ठेचून पातळ होतात आणि यू-बोल्ट सैल पडतात. जाड बाजू कुठे ठेवायची यावर बरेच जण गोंधळतात. जिप्सीत पाटा हाउसिंगच्या खाली असतो, त्यामुळे जाड बाजू शॅकलच्या दिशेला, म्हणजे पुढच्या हाउसिंगला पुढच्या बाजूला आणि मागच्या हाउसिंगला मागच्या बाजूला. लांब शॅकलने हाउसिंग जिकडे फिरवलं, पाचर ते उलट फिरवते. ज्यांनी पाटे हाउसिंगच्या वर नेले आहेत त्यांच्याकडे हे बरोबर उलटं होतं. पाचर घातली की मधला बोल्टही तेवढा लांब लागतो, नाहीतर त्याचं डोकं बैठकीच्या भोकात पोचत नाही.

सत्तरच्या वरची गुणगुण मागच्या शाफ्टची. ट्रान्सफर केसच्या (ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या गिअरच्या डब्याच्या) फ्लँजचा, म्हणजे शाफ्ट जोडायच्या तबकडीचा, कल 3 अंश, शाफ्टचा 11, मागच्या हाउसिंगमधल्या पिनियनचा (शाफ्ट ज्याला जोडतात त्या गिअरचा) 6. म्हणजे पुढच्या क्रॉसला 8 अंशांचा कोन, मागच्याला 5. एका क्रॉसमुळे शाफ्टचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा कमी-जास्त होतो. दुसरा क्रॉस तेवढ्याच कोनात असेल तर तो चढउतार पुसून टाकतो. कोन वेगळे असले की उरलेला फरक फरशीतून जाणवतो. दोन्हींत एक अंशापेक्षा जास्त फरक नसावा. मागे उंची उतरवून आणि तीन अंशांची पाचर घालून पुन्हा मोजलं, तर शाफ्ट 9, फ्लँज 3, पिनियन 3. दोन्हीकडे 6. शाफ्ट सोडण्याआधी दोन्ही टोकांना आणि सरकत्या स्प्लाइनवर (शाफ्टच्या दातेरी जोडावर) रंगाची रेघ मारायची. स्प्लाइन एका दात्याने जरी चुकली तरी दोन्ही क्रॉस एका रेषेत राहत नाहीत आणि मग कितीही पाचरा घाला, गुणगुण जात नाही. क्रॉसमध्ये ग्रीस चारही कपांतून नवं बाहेर येईपर्यंत मारायचं. एका कपातून येत नसेल तर तो क्रॉस बदलायचा.

शॅकलचे आणि पाट्याच्या डोळ्याचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवल्यावरच अंतिम घट्ट करायचे. लोंबकळत असताना आवळले तर रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि लवकर फाटतं. लिफ्ट केलेल्या गाड्यांची बुशं पटापट जातात त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. यू-बोल्ट कर्णरेषेत, थोडे थोडे. जुने ताणलेले यू-बोल्ट परत वापरू नयेत, किंमत फार नसते.

टो-इन, म्हणजे पुढची चाकं समोरून किती आत वळलेली आहेत ते, सगळ्यात शेवटी. पुढची चाकं उचलून फिरवत टायरच्या मधोमध खडूचा पट्टा मारला, स्थिर धरलेल्या खिळ्याने त्यात बारीक रेघ काढली. गाडी खाली उतरवून मीटरभर पुढे ढकलली, म्हणजे चाकं नैसर्गिक जागी येतात. हबच्या उंचीवर पुढचं आणि मागचं अंतर मोजलं. पुढचं 2 ते 6 मिमी कमी हवं, 3 ठेवलं. स्टिअरिंग व्हील तिरपं आलं होतं, ते ड्रॅग लिंक फिरवून सरळ केलं. व्हील काढून सरळ बसवायचा मोह टाळायचा. बॉक्समध्ये मधोमध दाते सगळ्यात घट्ट बसतात. बॉक्स मधून सरकलेला असेल तर सरळ रस्त्यावरच स्टिअरिंग ढिलं लागतं.

ब्रेकचं कारण मागे निघालं. मागच्या हाउसिंगला दांड्याने जोडलेला भार ओळखणारा व्हॉल्व्ह असतो. मागची बाजू वर उचलली की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे, मग तो मागच्या ब्रेकचा दाब कापतो. दांड्याचा कंस मूळ कोनात येईल एवढा सरकवला. ड्रम काढले तर एकात मूठभर माती आणि ब्रेक शूजवर चकाकी. शूज घासून, समायोजन करून, ब्लीडिंग केलं, म्हणजे ब्रेकच्या पाइपमधली हवा काढली. लवचिक ब्रेक पाइप हाउसिंग पूर्ण लोंबकळत ठेवून आणि पुढची चाकं टोकापर्यंत वळवून तपासले. पुढचा डावा ताणला जात होता, तो लांब टाकला. शॉकअप मात्र ठीक होते. बंप स्टॉप (हाउसिंग चॅसिसवर आदळू नये म्हणून असलेला रबर) टेकल्यावरही 25 मिमी जागा उरत होती.

चाचणी उंब्रजच्या दिशेने हायवेला आणि उतरताना ब्रेकसाठी यवतेश्वर घाटात. कासच्या सड्यावर चाक घालायचं नाही, तो 2012 पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि तिथली माती एकदा दबली की फुलं परत येत नाहीत. टायर बॅलन्स करून घेतल्यावर स्पीडोमीटरच्या ऐंशीपर्यंत स्टिअरिंग शांत, वळणानंतर स्वतःहून सरळ येत होतं, फक्त पार्किंगमध्ये आधीपेक्षा जड. शंभर किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा तपासले, मागच्या डाव्या जोडीने पाव फेरा घेतला, बाकीच्यांनी नाही. पुढची तपासणी पाचशेला, तेव्हा डाव्या नकलच्या फेल्टवर ऑइलची ओल दिसते का ते बघायचं.